किल्टवरचा कोट

दहिवडीच्या एसटी स्टँडवर आबांनी माझी बॅग उचलली, पण शेजारची लांबट काळी पेटी तशीच राहू दिली. त्या पेटीत माझा बॅगपाइप होता. सतरा वर्षं फौजेच्या बँडमध्ये मी तो वाजवला, हवालदार होऊन पेन्शनीत निघालो, दीड वर्ष घरी बसून कंटाळलो आणि आता कतारला ड्रायव्हर म्हणून निघालो होतो. माझी बायको सुरेखा लेकीला कडेवर घेऊन उभी होती. माझे वडील, म्हणजे आबा, पेटीकडे बघत म्हणाले, "म्हादू, गाडी चालवायला निघालास न्हवं? मग ह्ये कशापायी?" मी म्हटलं, "असू द्या. सवय मोडायला नको." आबांनी पेटीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "वाजीव. पर वर्दी असंल तरच वाजीव. सदऱ्यावर वाजवू नगंस." एवढ्यात गाडी लागली. आमच्यात निरोपाला कोणी रडत नाही. सुरेखानं डब्यातल्या भाकऱ्या मोजून सांगितल्या आणि गाडी सुटली.

आबांच्या त्या बोलण्यामागे काय आहे, ते आमच्या आळीतल्या माणसांना सांगायला नको. पण हे वाचणारे सगळेच आळीतले नसतील, काही माझ्यासारखे घर सोडून गेलेलेही असतील, म्हणून सांगतो. आमचं घर वाजंत्र्यांचं. पंचक्रोशीत आबांच्या सनईशिवाय कुणाची हळद लागत नसे. आणि ज्या घरांचं लग्न त्यांच्याशिवाय अडायचं, त्या घरांच्या मांडवात त्यांना जागा नसायची. सगळ्या पंगती उठल्या की मांडवामागे, चुलवणाच्या अंगाला त्यांना वाढायचे. भाजी गार झालेली, बुंदीचा नुसता चुरा. कोणी वाईट बोलायचं नाही बरं का. "वाजंत्र्यांचं झालं का रे?" असं यजमान आवर्जून विचारायचे. तेच जास्त लागायचं.

फौजेतून मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा गावातल्या एका मोठ्या घरचं लग्न होतं. मी वर्दी घालून गेलो. यजमानांनी दारातच हाताला धरलं, "या फौजी" म्हणत आत नेलं आणि तिसऱ्या पंगतीत बसवलं. बाहेर आबा सनई वाजवत होते आणि आत मी जिलेबी खात होतो. घास घशात अडकत होता असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण खोटं कशाला बोलू, मी पोटभर जेवलो. घरी आल्यावर आबा म्हणाले, "आज लई ब्येस वाजीवलं म्या." त्या दिवसापासून बापलेकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की अंगावरचा कपडा बरोबर असला म्हणजे माणसाला आत घेतात. माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका या एका समजुतीपायी झाल्या आहेत.

कतारमध्ये माझी राहायची सोय अल वक्राला झाली. खोलीत आम्ही चौघं. सकाळी इंजिनिअर लोकांना बसमधून साइटवर सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे काम. दिवसभर हिंदी, मोडकं इंग्रजी, आणि सुपरवायझरचं यल्ला यल्ला, म्हणजे चला, उरका. मराठी बोलायला एकटा नाचणकर, राजापूरकडचा प्लंबर. त्याचं निम्मं बोलणं मला पहिली दोन वर्षं कळायचं नाही आणि माझं माणदेशी ऐकून तो हसायचा. तरी आम्ही एकमेकांना धरून राहिलो. खोलीत बॅगपाइप वाजवायची सोय नव्हतीच. पहिल्याच दिवशी शेजारच्यांनी भिंत बडवली. मग मी शुक्रवारी सकाळी पेटी घेऊन समुद्रावर जायला लागलो. आबांचं सांगणं मी तिथंच मोडलं. टी-शर्टावर वाजवत होतो.

एका शुक्रवारी तिथं कुत्रा फिरवणारा एक उंच गोरा माणूस थांबला. ते ॲलन साहेब. स्कॉटलंडचे, एका मोठ्या प्रोजेक्टवर मॅनेजर. त्यांच्या मुलखातली एक जुनी धून मी वाजवत होतो. आम्हाला फौजेत तीच शिकवलेली. संपल्यावर बघतो तर साहेबांचे डोळे भरलेले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, झालं, सूत जुळलं. घर सोडलेल्या माणसाला असं वाटायला फार काही लागत नाही.

दोह्यातल्या स्कॉटिश लोकांचं एक मंडळ आहे. ते दर हिवाळ्यात एका हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये जेवण ठेवतात. मेंढीच्या पोटात काळीज, फुप्फुस आणि ओटचं पीठ भरून शिजवलेला एक गोळा थाळीत सजवून आणतात आणि त्याच्यापुढे बॅगपाइप वाजवणारा चालतो. सगळा हॉल उभा राहून टाळ्या धरतो. पहिल्यांदा तो पदार्थ पाहून मला हसू आलं. अहो, ही तर आपली वजडी! आमच्याकडे ती कोणी पाहुण्यापुढे ठेवत नाही आणि इथं तिची मिरवणूक. त्यांचा नेहमीचा वाजवणारा मायदेशी परतला होता, म्हणून ॲलन साहेबांनी मला बोलावलं. किल्ट, म्हणजे त्यांचे पुरुष नेसतात तो चौकटींचा घागरा, त्यांनी स्वतःचा जुना दिला. त्याला कमरेला पट्टे असतात, आवळला की कुणालाही बसतो. त्यावर घालायचा काळा कोट मात्र त्यांचा सव्वासहा फुटी अंगाचा, तो मला कुठला बसणार? मग हॉटेलवाल्यांनीच पांढरा शर्ट आणि काळं जाकीट दिलं.

ते जाकीट वेटरांचं होतं. वाजवून झाल्यावर मी भिंतीशी उभा होतो, तर एका बाईंनी मला खूण करून पाणी मागितलं. त्यांची चूक नव्हती. मी पाणी आणून दिलंही. मग मंडळाच्या सेक्रेटरी फिओना मॅडम आल्या, भरभरून कौतुक केलं आणि म्हणाल्या, तुमचं जेवण मागे ठेवलंय. मागे म्हणजे हॉल आणि किचन यांच्यामधली बोळ. तिथं नेपाळी, केरळी वेटर पोरं भिंतीला टेकून डब्यातली बिर्याणी खात होती. त्यांनी सरकून जागा दिली. बिर्याणी चांगली होती. आबांच्या गार भाजीपेक्षा फरक तेवढाच, ती गरम होती, आणि तिची वाफच मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी फोनवर आबांनी पहिलं विचारलं, "कुटं जेवलास?"

"आतच," मी म्हटलं. "त्यांच्यासंगं."

आबा इतके खूश झाले की दुसऱ्या वर्षीही मला तेच सांगावं लागलं. त्या वर्षी मात्र त्यांनी हट्ट धरला, "फोटू धाड की मग. उभ्याचा नगं. ताटावर बसल्याला धाड." पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, दम्यामुळे सनई कधीच सुटलेली. काही मागत नाही, कशाबद्दल तक्रार करत नाही. मागून मागितलं ते हे, आणि मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की.

म्हणून तिसऱ्या वर्षी फिओना मॅडमचा मेसेज आला तेव्हा मी तो दहा वेळा वाचला. त्यांनी लिहिलं होतं की या वेळी पाहुणे मोठे आहेत, तर किल्टवरचा खरा कोट घेता आला तर फार शोभेल, अर्थात घ्यायलाच पाहिजे असं नाही. सोबत स्कॉटलंडमधल्या एका दुकानाची लिंक. ॲलन साहेब शुक्रवारी समुद्रावर भेटले, खांद्यावर थाप मारून म्हणाले, "गेट द जॅकेट, महादेव. यू विल बी वन ऑफ अस." आता असं बोलायची त्यांच्यात पद्धत असते. आपण नाही का, कुणाच्याही घरून निघताना "आपलंच घर समजा" असं ऐकतो? पण मला ते तसं ऐकू आलं नाही. मला वाटलं, कोट घेतला की ताट ठरलं.

तरी महिनाभर माझं हो-नाही चाललं. कोट म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. आणि वस्तू अशी की दुसऱ्या कशावर चालत नाही. पुढून बेंबीपर्यंत येतो आणि संपतो. किल्ट वर चढवून नेसतात आणि पुढे कातडी बटवा लोंबतो, तो झाकायला नको म्हणून ही आखूड तऱ्हा. बाह्यांवर तिरकी चांदीसारखी बटणं, मागे दोन छोटी शेपटं. नाचणकरनं फोनवर फोटो पाहिला आणि म्हणाला, "मेल्या, ह्यो घालून बस चालवणार काय?" पँटीवर घातला तर सर्कशीतला दिसेन, हे मलाही कळत होतं.

स्वस्तातला मार्ग म्हणून दोह्यातल्या बिन महमूद भागात एका लखनौच्या शिंपी मास्टरकडे गेलो. म्हातारा हुशार. फोटो मोठा करून करून पाहिला आणि म्हणाला, "हो जाएगा. होटल वालों का कट है मेरे पास, उसी को छोटा कर दूँगा. दूर से किसी को फ़र्क नहीं दिखेगा." मी तिथूनच परत फिरलो. वेटरचा कोट आखूड करून घालायचा असता तर मला फुकटात मिळत होता. दुरून फरक दिसला नसता हे खरं, पण मला दुरून बसायचं नव्हतं.

सुरेखाला फोन केला तेव्हा ती आधी पोट धरून हसली. "घागऱ्यावर कोट? आणि त्यासाठी मला विचारताय?" मागच्या खोलीचा पत्रा गळत होता, त्यासाठी आम्ही पैसे बाजूला ठेवले होते. मी हसलो नाही तसं तिचंही हसू थांबलं. "आबांच्या फोटोसाठी ना हो?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग घ्या. पत्र्याखाली भांडं ठेवता येतं." माझी बायको कमी बोलते. त्या दिवशी तिनं मला अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे मला कितीदा तरी वाटलं. पण तिचा तरी काय दोष? तिला मी आत जेवतो म्हणूनच सांगितलं होतं.

कोट आला. जाड लोकर, आत साटिनचं अस्तर, बटणांवर नक्षी. खोलीत घालून बघितला तर चेष्टा करणारे तिघंही गप्प झाले. नाचणकरनं मागची सुरकुती हातानं सरळ केली. मी फोटो पाठवला. आबांचा निरोप पुतण्यानं बोलून धाडला: "वर्दी झकास. आता ताटावरचा."

जेवणाच्या दिवशी कोट कव्हरमध्ये घालून मेट्रोनं गेलो. वाजवलंही असं की काय सांगू. हॉलचं दार उघडलं, दीडशे माणसं उभी राहिली, आणि थाळीपुढे चालताना माझा एक सूर हलला नाही. शेवटी यजमानांनी चांदीच्या वाटीत दोन घोट व्हिस्की दिली. वाजवणाऱ्याचा तो मान असतो. मी ओठ लावून वाटी परत केली, कारण सकाळी बस चालवायची होती. मग सगळे बसले आणि मी माझी जागा शोधायला लागलो.

प्रत्येक ताटाजवळ नावाचं छोटं कार्ड उभं होतं. मी टेबलांमधून हसत हसत, कुणाला वाट देत, एकेक कार्ड वाचत फिरलो. किती टेबलं पाहिली आठवत नाही. सगळी पाहिली असावीत. ॲलन साहेबांनी लांबून अंगठा उंचावला. त्यांच्या शेजारी दोन्हीकडे माणसं होती. फिओना मॅडम धावत आल्या, कोटाच्या बाहीवरून हात फिरवला, "ब्यूटिफुल" म्हणाल्या. आणि मग तेच, त्याच हसऱ्या तोंडानं: तुमचं जेवण मागे ठेवलंय, गेल्या वर्षीच्याच जागी.

मला राग आला. त्यांचा नाही, आधी माझाच आला. चाळिशी ओलांडलेला माणूस, सतरा वर्षं फौजेत काढलेला, आणि बटणांवर विश्वास ठेवून बसला. मग त्यांचाही आला. वर्षातून एकदा तुम्हाला घराची आठवण काढून रडायचं असतं, त्यासाठी माझा श्वास लागतो, आणि मला एक खुर्ची लागली तर ती तुमच्या हिशेबात नाही. कोणी अपमान केला असता तर भांडता तरी आलं असतं. इथं सगळे माझ्याशी गोडच वागत होते.

बोळीच्या दाराशी एक नेपाळी वेटर भेटला. दोन वर्षं आम्ही शेजारी बसून बिर्याणी खाल्लेली, त्यामुळे फोटोचं त्याला ठाऊक होतं. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे मान केली. "भाई, वो मैडम फ़ोन पे बाहर गई है. बैठो. जल्दी." मी बसलो. टेबलावरचे बाकीचे लोक पाठ करून गप्पा मारत होते. त्यानं माझा मोबाइल घेतला, दोन फोटो काढले. मी कोट पुढून ओढून बटणं नीट केली होती, हसलोही होतो. मग उठलो. मिनिटभरसुद्धा झालं नसेल. तो फोटो त्याच बोळीतून, डबा न उघडता, मी आबांना पाठवला.

पुढचं आळीतल्या सगळ्यांना माहीत आहे. पुतण्यानं फोटो स्टेटसला ठेवला. सकाळी उठलो तर अभिनंदनाचे साठ-सत्तर मेसेज. पुण्यातल्या भाच्यांचे, दुबईतल्या मित्रांचे, ज्यांनी मला कधी फोन केला नव्हता त्यांचेही. मी दोन दिवस तो फोटो बघत होतो, आणि खरं म्हणजे मलाही तो खरा वाटायला लागला होता.

शुक्रवारी आबांचा व्हिडिओ कॉल आला. पुतण्याला त्यांनी बाहेर पाठवलं होतं. फोन कसा धरायचा ते त्यांना नीट जमत नाही, त्यामुळे मला त्यांचं कपाळ आणि छप्पर दिसत होतं.

"म्हादू, फोटू बगितला."

"कसा वाटला?"

"कोट ब्येस हाय." आणि लगेच, "त्यो फुडचा गलास कुणाचा रं?"

"माझाच की."

"त्येला लाली हाय."

 फोटोत मी कोट बघत होतो, गावानं मला बघितलं, गोऱ्या माणसांना बघितलं. आबांनी ताट बघितलं होतं. अर्धवट खाल्लेलं, कडेला काढून ठेवलेल्या भाजीचं, दुसऱ्याच्या उष्ट्या काट्याचमच्यांचं ताट. जन्मभर मागे बसून जेवलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागला नाही.

"तू कुटं जेवलास?"

"मागं," मी म्हटलं.

"आन् आदीची दोन वर्सं?"

"तवाबी मागंच."

कपाळ फोनमधून गेलं आणि नुसतं छप्पर राहिलं. मला वाटलं ते रडताहेत, किंवा आता शिवी देतील. दोन्ही चाललं असतं. पण ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी कुनाला सांगत न्हाई."

माझ्यासाठी सगळ्यात वाईट ते होतं. ज्या माणसाला मी आत बसवायला निघालो होतो, त्याला या वयात माझं खोटं सांभाळायच्या कामाला लावलं.

या हिवाळ्यासाठी फिओना मॅडमचा मेसेज आला आहे. मी हो म्हटलंय. तुम्हाला राग येईल, पण त्या हॉलमध्ये वाजवत शिरतानाची तीन मिनिटं मला आवडतात, आणि दुसरीकडे कुठे मला ती मिळत नाहीत. फक्त आता खोलीवर जेवून जाणार आहे.

आळीतल्या पोरांनो, हे तुमच्यासाठी लिहिलं. गेल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा पाहिलं की तो फोटो तुम्ही मोठा करून समाजमंदिरात लावला आहे, खाली माझं नाव घालून. आबा रोज तिथं बसायला येतात आणि त्याच्याकडे पाठ करून बसतात. तुम्हाला वाटलं असेल म्हाताऱ्याला वारं लागतं. मला आता घर म्हटलं की गाव आठवत नाही, तो पत्राही नाही. ती पाठ आठवते. कतारमध्ये कुणाला माझ्याबद्दल खरं जाणून घ्यायचं नाही, गावाला माझा फोटो पुरतो, आणि ज्या एका माणसाला खरं माहीत आहे तो रोज तासभर माझ्यासाठी भिंतीला पाठ देऊन बसतो. तेवढंच माझं घर उरलं आहे. तो फोटो उतरवा. कुणी विचारलं तर सांगा, खुर्ची दुसऱ्याची होती. आणि हे आबांसमोर मोठ्यानं सांगा, म्हणजे त्यांना गप्प राहावं लागणार नाही.